परत न घेता आलेली चाल

छापखान्यात तीस वर्षे इतरांच्या चुका लाल शाईने दाखवून दिलेला मुद्रितशोधक बुद्धिबळ मंडळाच्या अंतिम डावाला बसला, तो साडूपेक्षा आपण सरस आहोत हे एकदाचे सिद्ध करायला. साडू म्हणजे समोर बसलेला चष्मेवाला. गेली अठरा वर्षे दर रविवारी दोघे घरी खेळत, आणि पारडे कधी झुकले नव्हते. झुकणार तरी कसे? एकाने घोडचूक केली की दुसरा म्हणे, "घ्या चाल परत, साडूभाऊ. चुकीवर जिंकण्यात कसला पराक्रम?" या औदार्यात दया थोडी, मोठेपणाच फार. क्षमा करणारा आपोआप वरच्या पायरीवर उभा राहतो, हे दोघांनाही कोणी शिकवावे लागले नव्हते.

तेविसाव्या चालीला चष्मेवाल्याने वजीर हत्तीच्या तोंडी दिला आणि घड्याळाची कळ दाबली.

"वजीर बघा, साडूभाऊ," मुद्रितशोधक सवयीने बोलून गेला. "घ्या परत."

पंच तडक आला. "इथे चाल परत मिळत नाही. आणि बोलायचं नाही. खेळा!"

चष्मेवाला निर्विकारपणे भिंगे पुसू लागला.

वजीर मारला की डाव खिशात. पण मग जन्मभर ऐकावे लागणार, तेही मेहुणीच्या देखत, की चूक झाली म्हणून जिंकलात. न मारावा, तर त्यागाची शोभा लाभेल. मात्र मंडळाच्या फलकावर त्यागी माणसांची नावे रंगवीत नाहीत. सदसद्विवेकाच्या नावाखाली अहंकाराची ही सुनावणी बावीस मिनिटे चालली. अखेर, नियमाने बांधलेला माणूस दोषी नसतो, असा निवाडा देऊन त्याने हत्तीकडे हात नेला.

"थांबा," पंच म्हणाला. "तुमची वेळ संपली. डाव त्यांचा."

जिन्यात मुद्रितशोधकाने शेवटचे शस्त्र काढले. "चुकून जिंकलात हो, साडूभाऊ!"

"चूक कसली? वजीर मुद्दाम दिला होता. तुम्ही विचार करत बसणार, हे मला ठाऊक नाही होय?"

ही शुद्ध थाप होती, हे मुद्रितशोधकाला कळले. परंतु स्वतःच्या घोळापेक्षा प्रतिस्पर्ध्याच्या खोल डावपेचाने हरणे केव्हाही अब्रूचे. घरी पोहोचेपर्यंत ती थाप त्याला पुरती पटली होती.

"काय सापळा रचला होता, सांगतो तुला!" तो बायकोला म्हणाला आणि पंचाच्या दटावणीसकट सगळा डाव त्याने तिला ऐकवला.

"सापळा होता, तर 'वजीर बघा' म्हणून सांगायला कशाला गेलात?"