झाकणावरचा दिवा

हॉटेलच्या तळघरात धुतलेल्या चादरींच्या घड्या घालताना ताईंचा हात असा चालायचा की नव्या मुली आपलं काम सोडून बघत बसायच्या. एका कानात मात्र कायम वायर. "ताई, गाणी ऐकता होय?" कुणी विचारलं की ताई म्हणायच्या, "हो, जुनी आहेत." तेवढ्या थापेनंही त्यांचे कान लाल व्हायचे.

ताई ऐकायच्या ते बाबांचं घर.

बाबा जन्मभर लिफ्टमन. स्टुलावर बसून त्यांनी एका कचेरीतली माणसं वरखाली केली. त्यांच्यासमोर साहेबलोक वाट्टेल ते बोलायचे, कुणाची बदली, कुणाचं लफडं. बाबांनी त्यातलं अवाक्षर कधी घरी आणलं नाही. "कानावर पडलं तर पडलं," ते म्हणायचे, "पण मुद्दाम कान लावणाऱ्याची मला किळस येते." आई गेल्यावर ते एकटे राहू लागले. लेकीकडे राहायचं नाही हे त्यांचं तत्त्व, आणि तत्त्वं त्यांच्याकडे पोतंभर होती.

म्हणून ताईंनी त्यांना जुन्या धाटणीचा, झाकण उघडायचा फोन घेऊन दिला. ठसठशीत आकडे, मोठा आवाज, वर टॉर्च. दोनचं बटण दाबून धरलं की थेट ताईंना लागायचा. बोलणं संपलं की बाबा तो खटकन मिटायचे, लिफ्टचं दार ओढावं तसा. स्वारी बेहद्द खूश होती.

एक गोष्ट मात्र ताईंनी त्यांना सांगितली नव्हती. ताईंनी फोन लावला की बाबांचा फोन घंटी न वाजता आपला आपण उचलला जायचा, मिटलेलाच. ती सोय त्यांनीच गुपचूप चालू करून ठेवली होती. हेतू चांगला होता, बाबा कुठे पडलेबिडले तर कळावं. पण बाबांचं खोकणं, भांडी विसळणं, रेडिओतल्या माणसाशी हुज्जत घालणं ऐकता ऐकता ताईंना चटकच लागली. मनातून लाज वाटायची. उद्यापासून बंद, असं ठरायचं आणि दुसऱ्या दुपारी वायर पुन्हा कानात.

एके दुपारी खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका बाबांकडे आले.

"पाय का ओढताय?" काकांचा आवाज आला.

"काल पडलो न्हाणीघरात," बाबा चांगलं मोठ्यानं म्हणाले. "उठताच येईना. आता आंघोळीला जायची धास्ती बसलीय."

"मग लेकीला सांगा की."

"तिला तोंडानं नाही सांगवत."

ताईंच्या हातातली चादर हातातच राहिली. तडक उठून जावं असं वाटलं. पण जाऊन सांगायचं काय? कसं कळलं म्हणून? तो 'किळस' शब्द डोक्यात घुमायला लागला. संध्याकाळी बाबांचा रोजचा फोन आला तेव्हा ताईंनी आडून विचारलं, "बरे आहात ना?" बाबा जरा थांबले आणि म्हणाले, "मजेत." रविवारी जाऊ, असं ताईंनी स्वतःला समजावलं. रविवारी घरी पाहुणे टपकले, आणि खरं सांगायचं तर ताईंना सुटल्यासारखं झालं. त्या गेल्या पुढच्या रविवारी.

बाबांनी भिंत धरत दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगाला घामाचा वास.

"अगबाई, पायाला काय झालं?" ताईंनी विचारलं. नाटक त्यांना कधीच जमलं नव्हतं.

बाबांनी खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला. "जरा मला फोन लाव. इथूनच."

ताईंनी लावला. फोन वाजला नाही. मिटलेल्या झाकणावरचा छोटा दिवा तेवढा लागला आणि खाली अक्षरं आली, 'लेक'. ताईंनीच कधीतरी लिहिलेली. हा दिवा त्या पार विसरल्या होत्या.

"रोज दुपारी लागतो," बाबा म्हणाले. "आधी वाटलं, बिघडलाय. कळलं तेव्हा असा चिडलो होतो. मग सवय झाली. दिवा लागला की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं."

"चुकलं माझं, बाबा."

"काका आले त्या दिवशीही लागलेला होता. म्हणून तर बोललो." बाबा दिव्याकडेच बघत होते. "दुसऱ्या दिवशी तुझी वाट बघितली. मग म्हटलं, फोन लावून पोरगी कामात गुंतली असणार. ऐकलंच नसेल तिनं. तसंच झालं ना?"

सुटकेची वाट बाबांनी स्वतःच करून दिली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही बाबा," ताई म्हणाल्या. "सगळं ऐकलं होतं."

बाबांनी फोन हातात घेतला, उघडला आणि खटकन मिटला. दिवा गेला.

"हात दे," ते म्हणाले. "न्हाणीघरापर्यंत ने मला. पडलो तेव्हापासून आंघोळ केलेली नाही."