घाटावर दिलेला शब्द

कल्पना करा, आज तुमच्या वडिलांचा दहावा आहे. मुंडण करून नदीकाठच्या घाटावर तुम्ही ओलेत्याने उभे आहात. समोर पिंड मांडलेत, उंबरावर कावळे बसलेत आणि एकही खाली येत नाही. मागे अख्खं गाव. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, असं सगळेच मानतात. ती इच्छा ओळखायची आणि पुरी करीन असं मोठ्याने सांगायचं, हे काम तुमचं. काय सांगाल?

हडपसर गावठाणातल्या संभाजीवर ही वेळ आली होती.

हडपसर शहरात गेलं, आयटी पार्क आले, पण गावठाणात पार्ट्या दोनच राहिल्या. वरच्या आळीची आणि खालच्या आळीची. पुढारी पक्ष बदलत, चिन्हं बदलत. घरं मात्र आपापल्या पार्टीत तशीच. लग्नात फेटा कुठल्या पुढाऱ्याला बांधायचा, सकाळचा चहा कुठल्या हॉटेलात प्यायचा, सगळं त्यावरून ठरलेलं. संभाजीचे वडील गेनबा जन्मभर वरच्या पार्टीचे. संभाजी डिप्लोमा करून आमच्या कंपनीत लागला आणि दोन्ही हॉटेलांत बसू लागला. तो मत उमेदवार बघून द्यायचा.

"काय मधले, आज कुणाचा चहा?" खालच्या आळीतला त्याचा शाळेपासूनचा दोस्त भैरू विचारायचा.

"तू पाजशील त्याचा."

गेनबा एकदाच म्हणाले होते, "घराला पार्टी नसली की माणूस एकटा पडतो." पुढे त्यांनी तो विषय काढला नाही.

घाटावर दोन्ही पार्ट्यांच्या पुढाऱ्यांनी माइकवर श्रद्धांजली वाहिली. ऊन चढलं. आईला सांभाळीन, घर वाढवीन, असं सगळं संभाजीने सांगून पाहिलं. कावळे ढिम्म.

शेवटी चुलते हिंदुराव पुढे आले. "तुझ्या बापाचा जीव कशात हाय ते समद्यांना ठावं हाय. म्हण, वरची पार्टी सोडणार नाय."

"तात्या, हे इथं नको."

"मग कुठं? त्यो परत येणार हाय का ऐकायला?"

कंपनीतले दीनानाथ नारायण पेठेतून मुद्दाम आले होते. ते हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववा. आमच्याकडे चालतो. आणि त्याला पार्टी नसते."

हिंदुरावांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दीनानाथ मागे सरकले.

बायकांमध्ये बसलेली आई, बायडाबाई, तोंडाला पदर लावून हलत होती. ती रडतेय, असं संभाजीला वाटलं. त्याला ते बघवेना. माइक अजून चालूच होता.

"आबा, तुमची पार्टी सोडणार नाही," तो म्हणाला.

कावळा खाली आला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात भैरूने बाकावर सरकून जागा दिली नाही. "तुमचा चहा आता तिकडं," म्हणाला. शाळेपासून तो संभाजीला कधी 'तुम्ही' म्हणाला नव्हता.

पुढच्या महापालिका निवडणुकीत वरच्या पार्टीने ज्याला उभा केला, त्याने ओढा बुजवून इमारत बांधली होती. त्या पावसाळ्यात संभाजीच्याच घरात गुडघाभर पाणी शिरलं होतं. मतदानाच्या खोलीत त्याला बघायला कोणी नव्हतं. तरी त्याने वरच्या पार्टीचंच बटण दाबलं. घरी येऊन ताटावर नुसता बसून राहिला.

"काय झालं?" आईने विचारलं. त्याने सांगितलं.

बायडाबाईने त्याच्यापुढचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "मी तर घाटावर त्यांना येगळंच सांगितलं व्हतं. तुझं त्वांड बघवंना. म्हटलं, पोराला त्याच्या मनानं वागू द्या, मी त्याला कशात बांधणार नाय. तवा आला की कावळा."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, माइकवरचं लोकांसाठी हाय. आत जाऊन तू तुझंच करत असशील."

त्या दिवसापासून संभाजी दोन्ही हॉटेलांत जात नाही. कंपनीच्या कँटीनमध्ये एकटा चहा पितो. मी समोर बसलो की कधीतरी तेच विचारतो.

"दोघं एकाच वेळी बोललो. आबांनी ऐकलं कुणाचं?"