धूर वाचवणारी मावशी

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणत. वय त्रेपन्न. मोठ्या यंत्रांसाठी बनलेले व्हिडिओ गेम हातात मावणाऱ्या छोट्या कन्सोलवर बसवणं हे तिचं काम. "दहा खोल्यांचं सामान एका खोलीत लावायचं आणि पाहुण्याला कळूही द्यायचं नाही," असं ती सांगायची.

त्या वर्षी तिच्याकडे नेमबाजीचा एक खेळ आला. नुसती धडाधड गोळीबाराची गंमत नव्हती ती. चौघांची तुकडी, बंद इमारत आणि दाराआड दबा धरून बसलेले विरोधी खेळाडू. एक गोळी लागली की खेळ खलास. म्हणून आधी नीट आखणी करायची, धुराचा डबा फेकायचा आणि त्याच्या आडोशाने पलीकडे सरकायचं. गडबड एवढीच, की छोट्या कन्सोलवर धूर सुटला की चित्र अडखळायचं.

"धूर पातळ करा," साहेब म्हणाले. "कुणाच्या लक्षातही येणार नाही."

तिने केला आणि खेळून पाहिलं. पाचव्या पावलाला तिची चौघं आडवी. समोर बसून खेळणारी टेस्टर हसली, "मावशी, तुमची माणसं ढळढळीत दिसतायत की!"

मावशीने मूळ खेळातला धूर बनवणाऱ्याला बोलावून घेतलं. तो पोरसवदा कलाकार तणतणतच आला.

"दोन वर्षं घालवलीत मी त्या धुरावर. तुम्ही कात्री घेऊनच बसलाय!"

"बस आधी," ती म्हणाली आणि कन्सोल त्याच्या हातात दिला. "हा तुझा धूर. एका कणालाही हात लावलेला नाही."

त्याने डबा फेकला. चित्र थबकलं, पुढे उडी मारून परत थबकलं. थोड्याच वेळात कन्सोल इतका तापला की तो या हातातून त्या हातात घ्यायला लागला. त्याचा चेहरा उतरला.

"मग काढूनच टाका," तो हळूच म्हणाला.

"काढायचा असता तर तुला कशाला बोलावलं असतं?"

पुढचे आठ दिवस दोघं एकाच टेबलाशी होती. तिने धुराचे कण कमी केले, तो म्हणाला, "हा धूर नाही, कापूस आहे." त्याने नवा थर चढवला; चित्र पुन्हा अडखळलं. शेवटी त्यानेच विचारलं, "मावशी, ही फरशी एवढी चकाकते कशाला? जीव मुठीत धरून दाराकडे बघणारा माणूस पायाखाली बघतो का?"

यंत्राचा निम्मा जीव ती चकाकी खात होती, हे मावशीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण फरशी साहेबांची लाडकी. जाहिरातीत तीच होती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला तिलाही धीर झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली. बाहेर बसलेल्यांना आवाज चढल्याचं ऐकू आलं, आणि तो साहेबांचा होता. मग ती शांतपणे म्हणाली, "फरशी गेली तर खेळ जरा मळकट दिसेल. धूर गेला तर खेळताच येणार नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं, चुकले. आता सांगतेय."

साहेबांनी स्वतः तीन डाव खेळले. एक धूर पातळ करून, दोन फरशी मळकट करून. मग कन्सोल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पुसा ती चकाकी."

खेळ बाजारात आला. कुणीतरी लिहिलं, फरशी फार साधी वाटते. धुराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. कलाकार हिरमुसला.

"अरे, लोक त्यात लपतायत ना? मग झालं तर!" मावशी म्हणाली.

काही महिन्यांनी तो नवा खेळ बनवायला बसला. पहिल्याच दिवशी त्याने तिला फोन केला, "मावशी, या वेळी सुरुवातीलाच येऊन बसा. मी काय काय जास्तीचं करतोय ते सांगत राहा."

ती जेवणाचा डबा घेऊन गेली आणि दिवसभर त्याच्याशी भांडून आली.