घोड्यावर बसवलेला खापरपणजोबा

माझ्या चुलतभावाला पूर्वज हवा होता. बाकी सगळं त्याच्याकडे होतं. डोंगराकडची जमीन फार्महाऊसवाल्यांना विकून झाली होती, रस्त्याकडेला खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या, दारात पांढरी गाडी होती आणि गळ्यात बैलाच्या कासऱ्याएवढी सोन्याची साखळी. फक्त घराण्याला सांगण्यासारखा मूळपुरुष नव्हता. शेजारच्या गावात एका घराण्यानं वेशीवर कमान बांधून तिच्यावर आपल्या पूर्वजाचं नाव कोरलं, आणि तेव्हापासून ह्याच्या पोटात दुखायला लागलं.

त्यानं मला फोन केला. "ताई, आपली वंशावळ काढायचीय. तू इतिहास शिकवलायस. जरा बघ की."

पौडच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला. माझ्या वर्गात दर दुसरा मुलगा कुठल्या ना कुठल्या सरदाराचा वंशज असायचा. इतके सरदार असते तर कोळवणच्या खोऱ्यात भाताची लावणी कुणी केली असती, असं मी विचारायची. कुणाला हसू यायचं नाही. आमच्या भागात माणूस जमीन विकायला लागला की त्याचा पूर्वज मोठा व्हायला लागतो. जमीन जितकी कमी, तितकी तलवार लांब. तरीही मी हो म्हटलं. एक तर पणजोबाच्या पलीकडे कोण होतं हे मलाही माहीत नव्हतं. आणि मी नाही म्हटलं असतं, तर त्यानं पूर्वज विकत आणला असता.

वंशावळ आमच्या घरात त्याआधी एकदा निघाली होती, जमीन विकताना. तेव्हा ती पौडच्या तहसील कचेरीत लागली, आणि तिच्यात सगळ्या लेकी होत्या. बहिणी, आत्या, मेलेल्या आत्यांच्या मुली, कुणी सुटलं नाही, कारण सह्या हव्या होत्या. माझी थोरली आत्या गुडघ्यांनी अधू; तिला खुर्चीसकट उचलून जिना चढवला. भावानं स्वतः खुर्चीचा पाय धरला होता. "आत्या, सांभाळून," म्हणत होता. सह्या झाल्या आणि जीप पुरुषांना घेऊन ढाब्यावर गेली. आत्याला मी एसटीनं तिच्या घरी पोचवलं.

तर ह्या आत्याकडेच मी उरवड्याला गेले. माहेरचं जुनं सांगणारी तेवढीच उरली होती. तिच्या मुलानं खळ्याच्या जागी खोल्या काढल्यात, कारखान्यातले हिंदी बोलणारे कामगार राहतात. आत्या ओट्यावर वाल सोलत बसली होती.

मी विचारलं, "आत्या, आपलं घराणं मूळचं कुठलं?"

"कुणाचं? माज्या सासरचं का तुज्या बापाचं?"

"माझ्या बापाचं. तुझ्या माहेरचं."

"ते व्हय. ते खालचं. कोकणातलं."

मी म्हटलं, आपले लोक तर सांगतात की आपण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच.

"सांगनाऱ्याचं काय जातंय," आत्या म्हणाली. "माज्या आजीनं सांगितलेलं हाय. तिच्या सासूचीच गोष्ट ही. सासूच्या बापाला ल्योक न्हवता, येकच लेक. तवा घाट चढून मिठाचे बैल यायचे. त्या बैलांमागं ह्यो माजा पणजोबा आला. तापानं पडला हितंच. बैल गेले, ह्यो ऱ्हायला. बापानं बगितलं, जातीतला हाय, कामाला बरा हाय, मागं रडायला कोन न्हाई. लेक दिली आन् ठेवला घरजावई."

म्हणजे एकोणिसाव्या शतकातला आमचा मूळपुरुष, माझा खापरपणजोबा, मिठाच्या बैलांमागून चालत आलेला तापकरी होता.

"आणि आडनाव?" मी विचारलं.

"तिच्या बापाचं. जमीन बी तिच्या बापाची. म्हशी बी त्याच्याच. ह्याचं काय? मिशा."

आत्यानं वालाची सालं सुपातून उडवली आणि स्वतःच पुढं म्हणाली, "तुला खोटं वाटत आसंल तर सांग, माजं माहेरचं आडनाव काय? सासरचं काय?"

दोन्ही एकच. लहानपणापासून आम्हाला ते ठाऊक होतं. एकाच कुळात कुणी लेक देत नाही. आपलं कूळ वेगळं, देवक वेगळं, हे पक्कं माहीत असल्याशिवाय माझ्या आजोबांनी त्याच आडनावाच्या घरात ही सोयरीक केलीच नसती. घरजावयानं आडनाव बायकोचं घेतलं, देवक मात्र त्याचं कोकणातलं राहिलं. आमच्या सगळ्या पुरुषांनी त्या लग्नाच्या पंगती उठवल्या, नंतर मानपानावरून भांडणंही केली, आणि हे कसं जमलं असं एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही. बुंदी वाढत होते ना.

मग आत्यानं त्या पणजीची एक गोष्ट सांगितली. घरजावई एकदा रागावला. 'मी चाललो माज्या मुलखाला' म्हणून ओरडायला लागला. तिनं पीठ मळलं. भाकऱ्या थापल्या, चटणी घातली, गाठोडं बांधलं आणि उंबऱ्याबाहेर ठेवून भात काढायला शेतात गेली. दिवसभर तो गाठोड्याशेजारी बसून राहिला. ती परतली तेव्हा त्यानं विचारलं, "म्हशी कुनी आनायच्या?" ती म्हणाली, "ज्याला जेवायचंय त्यानं." तो उठला आणि म्हशी आणायला गेला.

मी तिचं नाव विचारलं. आत्याला ते माहीत होतं. ह्या आठवणींत मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही, म्हणून तिचंही घेत नाही. पण मला ते कळलंय.

दोन-चार दिवसांनी मी भावाच्या नव्या बंगल्यावर गेले. मला उशीरच झाला होता. दिवाणखान्यात पुण्याचे एक इतिहास संशोधक बसले होते. दाढी कोरलेली, कपाळावर चंद्रकोर, हातात कडं, आणि लॅपटॉपवर आमची वंशावळ तयार. पलीकडच्या खोऱ्यात आमच्याच आडनावाचं एक नावाजलेलं घराणं आहे. ह्या गृहस्थांनी आमची फांदी उचलून सरळ त्या झाडाला बांधली होती. वर एक सरदार. त्याचा धाकटा मुलगा 'मोहिमेवरून परतताना ह्या खोऱ्यात स्थिरावला' आणि पुढं आम्ही. आमच्या घराण्यात पौडपलीकडची मोहीम कुणी केली असेल तर ती जनावरांच्या बाजाराची.

मी आत्याकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. संशोधक मान हलवत ऐकत होते, लहान मुलाचं बोबडं बोलणं ऐकावं तसं. मग म्हणाले, "मॅडम, ही लोककथा झाली. इतिहासाला पुरावा लागतो."

"मग ह्या धाकट्या मुलाचा पुरावा काय?"

"त्यावर आमचं संशोधन चालू आहे."

भाऊ एवढा वेळ साखळीशी चाळा करत होता. तो म्हणाला, "ताई, आपल्या कमानीवर काय लिहू मग? घरजावई?"

"तिचं नाव लिही. जमीन तिची होती."

"बायकांची नावं वंशावळीत नस्त्यात. तशी पद्धतच न्हाई."

"पौडला होती की," मी म्हटलं. "सगळ्यांची होती. आत्याची खुर्ची तूच धरली होतीस."

संशोधकांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला आणि चित्रातल्या सरदाराच्या घोड्याचा रंग पांढरा ठेवायचा की काळा, असं विचारलं.

पांढरा ठरला.

कुलसंमेलन झालं. मांडव, भगवे फेटे, ढोल-ताशा, पुण्याचा केटरर. जन्मात भाताची एक पेंढी न उचललेली, हिंजवडीला कंप्युटरसमोर बसणारी आमची पोरं तलवारी घेऊन फोटो काढत होती. आमच्या नव्या कमानीजवळ संगमरवरी फरशी बसवली होती. वर घोड्यावरचा सरदार, खाली पुरुषांची नावं. सरदाराचा चेहरा ओळखीचा वाटत होता. जवळ गेल्यावर कळलं की तो माझ्या भावाचाच आहे, दाढी लावलेला. आत्या आलेली होती. तिनं चित्राकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्यो कोन?"

"तुझा पणजोबा," मी म्हटलं.

"घोडं कुनाचं?" तिनं विचारलं आणि जेवायला बसायला गेली. तिच्या मते घोडंही तिच्या पणजीच्या बापाचंच असणार, असं तिच्या सुरावरून वाटलं.

हे इतक्यावरच संपलं असतं. पण पुढच्या वर्षी भावाच्या मुलाचं लग्न जमायला आलं. मुलगी चांगली शिकलेली, कंपनीत नोकरीला, आणि घराणं पलीकडच्या खोऱ्यातलं, आमच्याच आडनावाचं, तेच नावाजलेलं. मुलामुलीची पसंती झाली. देण्याघेण्याची बोलणी करायला मुलीकडची मंडळी आली आणि येताना कमानीशी गाडी थांबवून त्यांनी ती फरशी वाचली. घरात आल्यावर चहाला हात न लावता मुलीचे आजोबा म्हणाले, "वर लिवलाय त्यो आमचा पूर्वज हाय. तुमी त्याचेच वंशज आसाल तर आपन भावकी झालो. भनीभावाचं लगीन लावायचं का?"

आणि ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी भाऊ पौडला माझ्या घरी आला. साखळी शर्टाच्या आत होती. आधी हवापाण्याचं बोलला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. विषय काढायला मी मदत करणार नव्हते, म्हणून नुसती ऐकत राहिले. शेवटी म्हणाला, "ताई, ती आत्याची गोष्ट हाय ना. ती जरा त्यांना येऊन सांगशील का?"

"लोककथा? तिला पुरावा लागतो म्हणे."

"ताई, पोराचं लगीन हाय."

त्याच्यासाठी मी गेले नसते. ती दोन पोरं बिचारी बरी होती, म्हणून गेले. आत्यालाही घेतलं. ह्या वेळी गाडी तिच्या ओट्यापर्यंत आली आणि तिला पुढच्या सीटवर बसवलं. मुलीच्या घरी बैठक भरली. मी भावाला म्हटलं, घराणं तुझं, तूच सांग. त्याला सांगावं लागलं. खाली मान घालून तो सांगत होता: आमचा मूळपुरुष कोकणातला, मिठाच्या बैलांबरोबर आला, घरजावई राहिला, आडनाव बायकोचं. मध्येच तो 'व्यापारानिमित्त आला' असं म्हणाला, तेव्हा आत्या मोठ्यानं म्हणाली, "बैल हाकायला."

मुलीचे आजोबा ऐकत होते. देवक कुठलं ते त्यांनी विचारलं, आत्यानं सांगितलं. त्यांच्याहून वेगळं निघालं. मग म्हातारा खुलला. "आसं सांगा की मग. बायकोचं आडनाव आमचंच, म्हंजे जमीन आमच्या भावकीतल्या लेकीची. तुमी तिची लेकरं. तुमी आमचे भाचे झाला. मामाच्या घरची पोरगी भाच्याला द्यायची रीतच हाय."

भावानं उठून म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. सरदाराच्या वंशजाला वाकताना पोट आड येत होतं.

चहा झाला, सुपारी फुटली. परतताना गाडीत तो मला म्हणाला, "ताई, हे गावात कुटं बोलू नकोस."

"मी कशाला बोलू," मी म्हटलं. "मुलीकडचे बोलतील."

ते बोललेच. लग्नात हळदीपासून पंगतीपर्यंत मुलीकडच्या बायका त्याला 'भाचेबुवा' म्हणत होत्या, आणि आता गावातही तेच नाव पडलंय. पन्नाशी ओलांडलेला माणूस. एसटी स्टँडवर कुणी 'ओ भाचेबुवा' म्हणून हाक मारली की वळून बघतो.