उपाशी सूत

“उपाशी सूत मागावर चढवू नये वं, तुटते,” असं अनुसया नेहमी म्हणायची. तांडापेठेत, विणकरांच्या वस्तीत, आमची खोली तिच्या खोलीला लागून होती. मधे कुडाची भिंत, त्यामुळे तिचं बोलणं माझ्या बायकोच्या, कांतेच्या, चुलीपर्यंत ऐकू यायचं. सकाळी अनुसया ज्वारीच्या पिठाची खळ शिजवायची, गल्लीत दोन खुंटांमधे उभ्या धाग्यांचा ताणा पसरायची आणि कुंच्यानं सुताला खळ पाजायची. लावायची नाही, पाजायची. तान्ह्या लेकराच्या तोंडात वाटी धरावी तशी ती त्या धाग्यांवर वाकलेली असे. खळ प्यालेलं सूत मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचे तडाखे दिवसभर सोसतं, हे मी तिच्याकडूनच शिकलो. माझं गाव उमरेडच्या पलीकडचं. आम्ही मातीतली माणसं, सुताची भूक आम्हाला काय ठाऊक?

तिचा नवरा जागेश्वर मागावर बसे. दोन लेकरं आधीच मातीआड झालेली. उरली होती एक मुलगी, प्रमोदिनी. शाळेच्या मास्तरांनी सुचवलेलं ते नाव गल्लीला पेललं नाही. सगळे पमीच म्हणत. वय अकरा, पण दिसायची आठाची. थंडी पडली की तिची हाडं ठणकायची, मग ती गुडघे पोटाशी घेऊन मागाच्या खड्ड्यात बापाच्या पायांपाशी पडून राहायची, कारण तिथे ऊब असे. डोळे कायम पिवळसर. ही एक पोर जगली पाहिजे, एवढं एकच मागणं अनुसयेचं होतं. देवाजवळ ती दुसरं काही मागत नसे.

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर दुखणं इतकं वाढलं की दोघांनी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर विळा काढून दाखवला.

“हिच्या रक्तातले कण असे वाकडे होतात. याला सिकल सेल म्हणतात. ते कण लवकर तुटतात, म्हणून डोळे पिवळे दिसतात. तुटले तितके शरीराला पुन्हा करावे लागतात, आणि करायला माल लागतो. वरण द्या, हिरवी भाजी द्या. आणि ही गोळी रोज एक, चुकवायची नाही.”

“किती दिवस बाई?”

“जन्मभर.”

मागे रांग खोळंबली होती. अनुसयेनं पुडी उघडून पाहिली. गोळी हळदीसारखी पिवळी होती.

तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. आमच्याकडे डोळे पिवळे झाले की ती कावीळ, आणि काविळीला पिवळं वर्ज्य. हळद नाही, वरण नाही, फोडणी नाही. हे पथ्य कोणी कोणाला शिकवत नाही, ते आईच्या दुधाबरोबर येतं. चार दिवस तिनं गोळी दिली. पाचव्या दिवशी वस्तीत काविळीची माळ देणारा मार्तंड आला. त्यानं पमीच्या डोक्यावर काड्यांची माळ ठेवली आणि पुडीकडे पाहून हसला.

“पिवळ्यावर पिवळं घालून राहिली का वं तू? आग लागली त तेल ओततेस का?”

“डॉक्टरीण म्हणे जन्मभर द्या.”

“मंग जन्मभर पिवळीच राहीन पोट्टी. माळ उतरत उतरत गुडघ्याले लागली का समज कावीळ गेली. तवरोक पांढरंच दे. पेज, ताक, मुरमुरे.”

जागेश्वर मागावरून म्हणाला, “काहून ऐकतेस वं त्याचं... डॉक्टरीण शिकेल हाये.”

“तिनं माही पोरगी नऊ महिने पोटात नाही वागवली,” अनुसया म्हणाली.

गोळ्या डब्यात गेल्या, डबा फळीवर गेला. पमीचं जेवण पांढरं झालं. अनुसयेनं पथ्य पाळलं ते अर्धवट नाही. पोर एकटी कशी पांढरं खाईल म्हणून तिनं स्वतःचीही हळद बंद केली. आमच्याकडे चिवळीची भाजी फोडणीला पडली की कुडापलीकडे पमीची चुळबूळ ऐकू यायची.

एके दुपारी आई सूत आणायला गेलेली पाहून ती आमच्या दारात आली.

“काकू, वरण हाये का वं? जरासंक. वासच देजो, वाटी नको.”

कांतेनं वाटीभर वरण दिलं. पोरीनं ते पिऊन टाकलं, बोटं चाटली, वाटीही चाटली. तेवढ्यात अनुसया दारात. पिवळी बोटं पाहून तिनं पमीच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग कांतेकडे वळली.

“तुह्यी असती त दिलं असतं का, कांताबाई? माही मारतेस काय?”

त्यानंतर आम्ही वरणाला फोडणी देताना दार लावून घेऊ लागलो. शेजारधर्म म्हणून आम्ही तेवढंच केलं.

पौषात माळ गुडघ्याला टेकली. आणि खरंच, पमीचे डोळे पांढरे झाले! बगळ्याच्या पिसासारखे. अनुसयेनं गल्लीभर गूळ वाटला. आमच्या दारी आली तेव्हा हसत होती. “राग सोड वं कांता. उतरली बघ कावीळ.” मागे पमी उंबऱ्याला धरून उभी होती. तिचे ओठही पांढरे होते, नखंही. गूळ खाताना तिला धाप लागत होती. ते कोणी पाहिलं नाही. सगळ्यांची नजर डोळ्यांवर.

संक्रांतीच्या आधी ती सुताची कांडी भरता भरता चरख्यावर कलंडली. आम्ही सायकल रिक्षात घालून तिला त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोरीची पापणी खाली ओढली आणि विचारलं, “गोळ्या देत होता ना?”

अनुसयेनं डबा टेबलावर ठेवला. जवळजवळ भरलेला.

बाई रागावल्या नाहीत. ते बरं झालं की वाईट, मला अजून कळत नाही. हळू आवाजात म्हणाल्या, “पिवळी होती तोवर रक्त तुटत होतं, पण बनतही होतं. आता बनायचंच थांबलंय. तुटायला सुद्धा काही उरलेलं नाही.”

रक्त चढवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पमी गेली. घरी आल्यावर जागेश्वर इतकंच बोलला, “तू त म्हणत होतीस, उपाशी सूत...” अनुसयेच्या तोंडून ती म्हण पुन्हा कधी ऐकू आली नाही. खळ मात्र ती रोज पाजायची, मुक्यानं.

पुढच्या साली माझ्या पायाला जखम झाली, म्हणून मी पट्टीसाठी त्याच दवाखान्यात गेलो. अंगणात लिंबाखाली अनुसया बसलेली. दर सोमवारी ती येते, असं चहावाल्यानं सांगितलं. पलीकडे एक बाई रांगेतून येऊन टेकली होती. जवळ सहा-सात वर्षांची मुलगी, डोळे पिवळे, गळ्यात काड्यांची माळ. बाई हातातली गोळी न्याहाळत होती.

“पिवळी हाये म्हणून टाकू नको, बाई,” अनुसया म्हणाली.

“तुले काय करा लागते? तू डॉक्टर हायेस का?”

“नाही.”

“मंग? तुह्यी पोरगी बरी झाली का या गोळीनं? कुठी हाये ते दाखव.”

“माह्या पोरीनं पथ्य पाळलं,” अनुसया म्हणाली. “एक दिवस चुकलं, त मी तिले मारलं.”

अनुसयेनं पदराआडचं गाठोडं सोडलं. डब्यात वरणभात होता, वर चिवळीची भाजी. तिनं घास कालवला आणि हात पुढे केला. मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मुलीनं तोंड उघडलं.

डबा रिकामा झाला तशी अनुसयेनं हात धुतले, गाठोडं बांधलं आणि फाटकाकडे चालू लागली. मी हाक मारली नाही. ती बाई गोळी मुठीत धरून तिच्याकडे बघत होती. मुलगीही बघत होती, ओठांना पिवळं लागलेलं, ते न पुसता, अनुसया रस्त्याच्या गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत.