सही जुळत नाही

बँकेच्या दारावरची पाटी पेंटरकाकांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती, आणि त्याच दारातून एक दिवस त्यांना 'सही जुळत नाही' म्हणून परत पाठवलं. आता याला काय म्हणावं? बाजारातली निम्मी दुकानं ज्याच्या अक्षराने मिरवायची, त्याची सही म्हणे त्याची नव्हे!

खोटं कशाला बोला, हात थरथरायला लागलाच होता. ब्रश तर केव्हाच सुटला होता. चहा तोंडापर्यंत पोचेतो निम्मा बशीत सांडायचा. काउंटरवरच्या बाईंनी आपल्या परीने तोड काढली. काका, सही राहू द्या, अंगठा उमटवा, लगेच काम होईल, असं त्या म्हणाल्या. बोलल्या चांगल्या मनाने, पण काकांच्या ते जिव्हारी लागलं. जन्मभर अक्षरांवर पोट भरलं आणि म्हातारपणी अंगठेबहाद्दर व्हायचं? चेकची घडी खिशात घालून ते घरी आले आणि न जेवताच पडून राहिले. अशा वेळी जिच्यापाशी चिडचिड करायची, ती काकू आता नव्हती. घर भरलेलं होतं, तरी बोलावं असं माणूस नव्हतं.

सुनेने मात्र विषय लावून धरला. आधी तिने बँकेलाच लेखी तक्रार देऊन पोच घेतली. महिना उलटला तरी बँक ढिम्म. मग तिने लोकपालाकडे अर्ज केला. लोकपाल म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, फक्त आधी बँकेकडे दाद मागितलेली असावी लागते, हे तिने काकांना नीट समजावलं. शेवटी, काय मागायचं, भरपाई लिहू का, असं तिने विचारलं.

"भरपाई नको," काका म्हणाले. "ही सही माझीच आहे, एवढं त्यांनी म्हणावं."

यथावकाश दोन्ही बाजूंना बोलावणं आलं. बँकेच्या माणसाने नियमांचा पाढा वाचला. लोकपाल बाईंनी तो शांतपणे ऐकला आणि मग, वयाने हात थरथरला तर ओळख पटवून नवी सही का घेतली नाही, असं विचारलं. बँकेने काकांची थरथरती सही नोंदवून घ्यावी आणि झाल्या त्रासाबद्दल माफी मागावी, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी बँकेत मॅनेजरने स्वतः खुर्ची पुढे केली, माफी मागितली आणि सहीचा नमुना घ्यायच्या नव्या कार्डाशेजारी जुनं कार्ड ठेवलं. त्यावर काकांची तरणीताठी सही होती, शेवटच्या अक्षराची शेपटी ऐटीत वळून नावाखाली आलेली. तो हात आता परत येणार नाही, हे काकांना त्या क्षणी पुरतं कळलं.

खाली काकूची सही होती. खातं दोघांच्या नावावर म्हणून काकांनीच तिला स्वयंपाकघरात बसवून शिकवली होती. अक्षरं एकमेकांवर पडलेली, ओळ वर चढत गेलेली, आणि नवऱ्यासारखी काढायला गेलेली शेपटी मध्येच तुटलेली. तेव्हा काका हसून म्हणाले होते, हे काय कोंबडीचे पाय! पुढे कधी सही करायची झाली की कागद घेऊन ती आतल्या खोलीत जायची. गंमतच केली होती, पण तेवढी केली नसती तर बरं झालं असतं.

"सावकाश करा, काका," मॅनेजर म्हणाला.

काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि सही केली. अक्षरं एकमेकांवर पडली. ओळ वर चढली. शेपटी मध्येच तुटली. ते कितीतरी वेळ एकदा या कार्डाकडे, एकदा त्या कार्डाकडे बघत राहिले. हे कार्ड उचलावं, घरी जावं आणि तिच्यापुढे धरावं, असं त्यांना फार वाटलं.

मॅनेजरला वाटलं, काही चुकलं. पुन्हा करायची आहे का, असं त्याने हळूच विचारलं.

"नको, जुळली," काका म्हणाले आणि त्यांनी काकूच्या सहीवर बोट ठेवलं. "हिच्याशी जुळली. आज ती हसायला हवी होती."