शेऱ्याचा रकाना

तेहतीस वर्षे रस्ते मोजून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थाला सगळे अजूनही मोजणीदारच म्हणत. खात्याने त्याला दुसरे काही शिकवलेच नव्हते. रस्त्याच्या कडेला झाड कोणते, त्याखाली कोण बसले आहे, यांना मोजणीच्या तक्त्यात रकाना नव्हता. आणि ज्याला रकाना नाही ते अस्तित्वातच नाही, अशी वरिष्ठांची शिकवण होती. ती त्याने इतक्या इमानाने अंगी बाणवली, की त्याचे कौतुक करावे की कपाळावर हात मारून घ्यावा, हे आज ठरवणे कठीण आहे.

निवृत्तीच्या वर्षी परदेशात स्थायिक झालेल्या धाकट्या मेव्हण्याने त्याला आणि बायकोला बोलावून घेतले आणि तो देश या टोकापासून त्या टोकापर्यंत आपल्या मोटारीतून दाखवायचे ठरवले. अठरा दिवस, चार हजार सहाशे किलोमीटर. पहिल्याच तासात बायकोला गाडी लागली. बाहेर पाहिले की पोटात ढवळे, डोळे मिटले की जरा बरे वाटे. शेवटी डोक्याखाली शालीची गुंडाळी घेऊन ती मागच्या आसनावर आडवी झाली.

"अहो, माझ्या वाटचंही तुम्हीच बघा. घरी गेल्यावर निवांत सांगा मला."

"सांगेन की," तो म्हणाला, आणि मांडीवर वही उघडून त्याने रकाने आखायला घेतले.

"भाऊजी, जरा काचेबाहेर बघा," मेव्हणा चेष्टेने म्हणे. "वही काही पळून जात नाही."

"बघतोय ना. आत्ता गेला तो पूल साठ मीटर असेल?"

"ताई, तुझा नवरा इथलेही रस्ते खात्याकडे वर्ग करणार बघ."

मागून मिटल्या डोळ्यांचे हसू ऐकू येई.

परतल्यावर सांगणे राहून गेले. आधी गळका नळ, मग मुलीचे बाळंतपण, मग नुसताच आळस. आज सांगतो, उद्या सांगतो म्हणता म्हणता नऊ वर्षे सरली. बायको अंथरुणाला खिळली, आणि डॉक्टरांनी त्याला जिन्यापाशी नेऊन सांगितले की फार तर दोन महिने. त्याच संध्याकाळी तिने हाक मारली.

"अहो, तो प्रवास सांगायचा राहिलाय. आता नाही तर कधी?"

त्याने वही काढली. अक्षर मोत्यासारखे. अंतर, वळण, पूल, चढ, शेरा. त्याने आठवणीला ताण दिला. पण अठरा दिवस नजर गाडीच्या मीटरवर खिळलेली, तर आठवणीत येणार काय? तेव्हा उभ्या नोकरीत जे केले नव्हते ते त्याने केले. खोटी नोंद.

"चौथ्या दिवशी एक तळं लागलं. निळंशार. काठाला पांढरे पक्षी."

"चौथ्या दिवशी? त्या दिवशी तर नुसती धूळ होती. काचा लावूनसुद्धा दातांखाली कचकचत होती."

"मग पाचव्या असेल."

"पाचव्या दिवशी घाट. कानाला दडे बसले होते माझ्या." तिने वहीकडे पाहिले. "तुम्हीही बघितलं नाहीत ना हो?"

त्याने वही मिटायला घेतली.

"राहू द्या. लिहिलंय तेच वाचा."

तो वाचू लागला. किलोमीटर चारशे बारा, डावे वळण. चारशे एकोणीस, पूल. पानामागून पान गेले. शेऱ्याचा रकाना तोवर सगळीकडे कोरा होता. दोन हजार तीनशे सातवर तो अडखळला.

"वाचा की."

"गाडीचा थांबा. शेरा: पत्नीस उलटी. चौदा मिनिटे वाया."

"वाया," ती म्हणाली. "चला, कुठंतरी नोंद आहे म्हणायची माझी." आवाजात राग नव्हता, असता तर बरे झाले असते. "तिथं एका बाईनं मला पाणी पाजलं होतं. गार हात होता तिचा. मला डोळे उघडवत नव्हते. कशी होती हो दिसायला?"

"मी घड्याळ बघत होतो."

वहीतले सोडले, तर त्या संध्याकाळी त्याने उच्चारलेले एवढे एकच वाक्य खरे होते. तिने मान भिंतीकडे वळवली, आणि पुन्हा कधीही तो विषय काढला नाही.

आठवड्याने सकाळी तिची देखभाल करणारी नर्स आली. मोजणीदार दाराबाहेर औषधांच्या बाटल्या लावत होता.

"ये गं. आज बसमधून काय काय दिसलं?" आतून बायकोचा आवाज आला.

"काय दिसणार, आजी? नेहमीचंच. सिग्नलला एक माणूस आरसा धरून उभा होता, कपाटाएवढा. अख्खी बस मावली त्यात. मीसुद्धा दिसले, जांभई देताना."

"आणि पुढे?"

"पुढे शाळेच्या कुंपणावर कुणीतरी एकच मोजा वाळत घातला होता. लाल."

आत दोघी हसल्या. त्याने फटीतून पाहिले. बायकोने डोळे मिटून घेतले होते, मोटारीत मिटत असे तसेच. फक्त तोंड त्या मुलीकडे होते.

बाटली हातात धरून तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. ती बस ज्या रस्त्याने येई, तो नऊ किलोमीटर दोनशे मीटरचा रस्ता त्याने स्वतः तीनदा मोजला होता. त्या मुलीच्या सांगण्यातले काहीच त्याच्या ओळखीचे नव्हते.